परमुलखातील वर्ष आणि गावचे दप्तर

हरसूल, ता. त्र्यंबकेश्वर, जि. नाशिक
दि. १२ जून २०२५

चिरंजीव भाच्यास,

तुझा निरोप आणि त्यासोबत मोबाईलवर धाडलेली कागदांची छायाचित्रे पोचली. बारावी उत्तीर्ण झाल्यावर वापीच्या कारखान्यात एक वर्ष नोकरी करून, त्या पैशांतून घरावरचे देणे बऱ्याच अंशी वारून, आता नाशकास पदवीच्या वर्गात नाव घालण्याचे तू योजिले आहेस, हे वाचून तुझ्या आईइतकेच मलाही समाधान वाटले. परंतु त्याच निरोपाच्या शेवटी, खोलीतील कोणा सोबत्याच्या सांगण्यावरून, एक वर्ष गुजरातेत काढल्यामुळे आपला महाराष्ट्रातील रहिवास तुटला असेल, शिष्यवृत्ती बुडेल, तेव्हा अर्जात त्या वर्षाचा उल्लेखच टाळावा काय, असा जो प्रश्न तू विचारला आहेस, त्याचे उत्तर चार ओळींत देण्याजोगे नाही. ज्याची उभी नोकरी महसुलाच्या दप्तरात दाखले लिहिण्यात आणि इतरांनी लिहिलेले दाखले तपासण्यात गेली, त्याच्या भाच्याने ऐकीव कायद्यावर विसंबून पाऊल टाकावे, हे मला रुचणारे नाही. म्हणून हे पत्र सविस्तर लिहितो. ते सावकाश वाच.

ते वर्ष लपवू नकोस, ही पहिली गोष्ट. तुझ्या बारावीच्या गुणपत्रिकेवर २०२४ हे साल आहे, महाविद्यालयातील प्रवेश २०२५ चा असणार, आणि महाडीबीटी संकेतस्थळावरच्या अर्जात पूर्वशिक्षणाच्या तपशिलासोबत मधल्या खंडाची चौकशी असतेच. तेव्हा तू लिहिलेस वा न लिहिलेस, तरी एवढी वजाबाकी कोणताही कारकून उभ्या उभ्या करतो, आणि ज्या वर्षाचा खुलासा अर्जदाराने स्वतः केलेला नाही, त्या वर्षाविषयी त्याच्या मनात नाही नाही त्या शंका येऊ लागतात: याने दुसऱ्या राज्यात प्रवेश तर घेतला नव्हता, तिकडची एखादी सवलत तर घेतली नव्हती, मूळ दाखला कोठे अडकवून तर ठेवला नाही? या सर्व शंकांना एका साध्या स्वयंघोषणापत्राने उत्तर मिळते. त्यात एवढाच मजकूर असावा, की सन २०२४-२५ या शैक्षणिक वर्षात मी कोणत्याही संस्थेत प्रवेश घेतलेला नव्हता, घरच्या आर्थिक अडचणीमुळे वापी येथे अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत नोकरी केली, या काळात माझे आईवडील व कायमचे घर मौजे हरसूल येथेच होते, आणि नोकरी सोडून मी तेथेच परत आलो आहे. त्यासोबत शाळा सोडल्याचा मूळ दाखला आणि कारखान्याचे पत्र जोडावे. कारखान्याच्या पत्रात कामावर लागल्याची तारीख सर्वजण मागून घेतात. काम सोडल्याची तारीख मात्र मागायला विसरतात, आणि तुझ्या प्रकरणात खरे महत्त्व तिलाच आहे, कारण परमुलखातील वास्तव्य संपले हे सांगणारा तो एकमेव कागद.

आता रहिवासाचा आणि शिष्यवृत्तीचा संबंध काय, ते समजून घे. ज्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीसाठी तू अर्ज करणार आहेस, ती भारत सरकारने १९४४-४५ साली अनुसूचित जातींच्या विद्यार्थ्यांसाठी सुरू केली आणि १९४८-४९ मध्ये आदिवासी विद्यार्थ्यांनाही लागू केली. म्हणजे ती महाराष्ट्र राज्याहून तर वडील आहेच, परंतु संविधानाहूनही वडील आहे. पालकांच्या वार्षिक उत्पन्नाची अडीच लाख रुपयांची मर्यादा तुला ठाऊक आहे. परंतु दुसरी एक अट फारशी कोणी वाचत नाही: विद्यार्थी शिकायला कोणत्याही राज्यात असो, शिष्यवृत्ती द्यावयाची ती तो ज्या राज्याचा मूळ रहिवासी असेल त्या राज्याने. कोठे शिकतो हा प्रश्न गौण, कोठला आहे हा प्रश्न मुख्य. म्हणून वर्षभर तू कोठे होतास याची विचारपूस होते, आणि ती होण्यात गैर काही नाही. सरकारी पैसा ज्याचा त्याला पोचावा, यासाठी कोणीतरी हे विचारलेच पाहिजे.

या प्रश्नाचे कायदेशीर उत्तर जेथे कोणी शोधायला जात नाही अशा ठिकाणी आहे. केंद्र सरकारच्या नमुन्यातील जातीच्या दाखल्याच्या तळाशी बारीक अक्षरांत एक टीप छापलेली असते, की या दाखल्यात 'सामान्यतः राहतो' या शब्दांचा अर्थ लोकप्रतिनिधित्व अधिनियम, १९५० च्या कलम २० प्रमाणे समजावा. आता शिष्यवृत्तीचा मतदारयादीशी काय संबंध, असे तुला वाटेल. पण मतदारयादी करणाऱ्यांनाही हाच पेच पडला होता, की माणूस नोकरीनिमित्त, हंगामानिमित्त, आजारपणानिमित्त घराबाहेर असतो, तेव्हा त्याला कोठला म्हणावे? त्या कलमाने दोन गोष्टी सांगितल्या आहेत. केवळ एखाद्या गावी घर मालकीचे आहे एवढ्यावरून माणूस तेथला रहिवासी ठरत नाही. आणि नेहमीच्या वास्तव्याच्या ठिकाणाहून तो तात्पुरता गेला, एवढ्यावरून तेथला रहिवासी नाही असेही ठरत नाही. (आमदार-खासदारांसाठी मात्र त्याच कलमात एक स्वतंत्र पोटकलम असून पदाच्या कामासाठी मतदारसंघाबाहेर राहिल्याने त्यांचा रहिवास तुटत नाही, असे त्यांनी स्वतःपुरते निराळे लिहून ठेवले आहे. द्राक्षांच्या छाटणीला निफाड-दिंडोरीकडे जाणाऱ्या आपल्या माणसांसाठी असे पोटकलम कोणाला सुचले नाही; सर्वसाधारण नियमावरच त्यांचे भागते.) तू वापीस गेलास तो पोटासाठी, परत येतो आहेस तो शिक्षणासाठी, आणि मधल्या काळात तुझे आईवडील, घर, शिधापत्रिका, जमीन यांपैकी काहीही येथून हलले नाही. याला तात्पुरते जाणे म्हणतात.

हा पेच आपल्याच मुलखातला आहे असेही समजू नकोस. इंग्लंडमध्ये विद्यार्थ्यांना अनुदान मिळण्यासाठी त्या देशात तीन वर्षांचे सामान्य वास्तव्य दाखवावे लागे, आणि लंडनच्या बार्नेट येथील स्थानिक संस्थेने परदेशातून येऊन तेथे शिकलेल्या शाह नावाच्या एका विद्यार्थ्यास ते नाकारले, तेव्हा तो वाद थेट हाउस ऑफ लॉर्ड्सपर्यंत गेला. डिसेंबर १९८२ मध्ये लॉर्ड स्कारमन यांनी जो निर्णय दिला त्याचे सार असे, की माणूस एखाद्या ठिकाणी स्वेच्छेने आणि काही निश्चित प्रयोजनाने, मग ते शिक्षण असो, नोकरी असो वा कुटुंब असो, आपल्या आयुष्याचा नित्यक्रम म्हणून राहत असला, तर तो तेथला सामान्य रहिवासी होय. तो कायमचा तेथेच राहू इच्छितो की नाही, हा प्रश्न नाही. आणि एकच माणूस एकाच वेळी दोन ठिकाणचाही सामान्य रहिवासी असू शकतो. विद्यार्थ्यांचा पक्ष त्या खटल्यात जिंकला. या न्यायाने पाहिले तर वापीत तू रहिवासी होतास हे कबूल केल्याने हरसूलचा रहिवास तू सोडलास असे होत नाही, आणि तुझ्या सोबत्याच्या तर्कातील खोट नेमकी येथे आहे. मात्र त्र्यंबकच्या तहसील कचेरीत लॉर्ड स्कारमन यांचे नाव काढू नकोस. त्याचा उपयोग होणार नाही.

कारण कायदा तुझ्या बाजूस असला, तरी खिडकीमागे बसलेल्या माणसापुढे येतात ते कागद, आणि तू पाठवलेल्या छायाचित्रांवरून पाहता वापीच्या वर्षाने तुझ्या कागदांत दोन ठिकाणी घोळ घातला आहे. एक, आधारकार्डावरचा पत्ता तू बदलून तेथल्या खोलीचा केलास. आधार अधिनियम, २०१६ च्या कलम ९ मध्ये स्पष्ट म्हटले आहे, की आधार क्रमांक हा नागरिकत्वाचा वा अधिवासाचा पुरावा नव्हे. तरीही प्रत्येक खिडकीवर प्रथम तेच कार्ड मागतात, आणि त्यावर वलसाड जिल्हा वाचल्यावर पुढचे कागद वाचणाऱ्याची नजर आपोआप बदलते. ज्या कार्डाला कायदा पुरावा मानत नाही, त्याच कार्डाने पुराव्याविरुद्ध साक्ष द्यावी, हा प्रकार मला न्याय्य वाटत नाही. पण माझ्या वाटण्याने कार्ड बदलत नाही. कुटुंबप्रमुखाच्या आधाराच्या संमतीने पत्ता बदलण्याची सोय आहे. तेव्हा वडिलांच्या कार्डावरून तो पुन्हा हरसूलचा करून घे, आणि जुना पत्ता का होता ते स्वयंघोषणापत्रात आलेलेच आहे. दुसरे, कारखान्याने पगारासाठी तिकडच्या बँकेत जे खाते उघडून दिले, ते आधारशी जोडलेले दिसते. शिष्यवृत्तीची रक्कम अर्जात लिहिलेल्या खात्यावर नव्हे, तर आधारशी सर्वांत शेवटी जोडलेल्या खात्यावर जाते, ही गोष्ट ध्यानात न आल्यामुळे मंजूर झालेले पैसे परगावच्या बंद पडलेल्या खात्याकडे गेल्याची उदाहरणे मी पाहिली आहेत. नाशिक जिल्ह्यातील आपले खाते पुन्हा जोडून घे आणि जोडणी झाल्याचे बँकेतून पाहून ये.

एक गोष्ट मात्र तू शहाणपणाची केलीस. वापीत राहून तू वेगळी शिधापत्रिका काढली नाहीस. 'एक देश, एक शिधापत्रिका' या योजनेमुळे आपल्याच कार्डावर तेथल्या दुकानातून धान्य घेतलेस, त्यामुळे तुझे नाव येथल्या कार्डावर अखंड राहिले. मतदारयादीचेही पाहा. घरमालकाने किंवा कोणा मुकादमाने तुझ्याकडून नमुना ६ भरून घेतला असेल, तर ते मला आधी कळव. दोन मतदारसंघांत एका माणसाचे नाव असू शकत नाही, आणि पहिलेच मत गुजरातेत नोंदलेला मुलगा हरसूलचा आहे, हे सिद्ध करणे अशक्य नसले, तरी उगाच लांबणारे काम आहे. होळीला आणि बोहाड्याला तू रात्रीच्या गाडीने गावी आलास, सोंगे नाचवलीस, हे सारे गाव सांगेल, आणि माणसाचे मन कोठे आहे याचा याहून चांगला पुरावा मला तरी माहीत नाही; पण त्याची नोंद कोणत्याही गाव नमुन्यात होत नाही.

वर्षभराच्या रहिवासाहून कठीण असतो तो पाऊणशे वर्षांपूर्वीचा. जमातीचा दाखला आणि त्याची नाशिकच्या तपासणी समितीकडून होणारी पडताळणी यांत विचारले जाते ते ६ सप्टेंबर १९५० या दिवसाविषयी, कारण त्या दिवशी राष्ट्रपतींनी अनुसूचित जमातींचा आदेश काढला. आपले कुटुंब त्या दिवशी या राज्याच्या मुलखात होते काय, हे दाखवावे लागते. तुझ्या पणजोबांचे नाव कोतवाल बुकात, म्हणजे जन्ममृत्यूच्या गाव नमुना चौदामध्ये, आणि आजोबांचे नाव शाळेच्या दाखल-खारीज रजिस्टरात आहे. परंतु हे जुने कागद उघडलेस की तुला वेगळीच भूमी दिसेल. त्यांत हरसूल हे त्र्यंबकेश्वर तालुक्यात नाही, पेठ तालुक्यात आहे, आणि राज्याचे नाव मुंबई. मौजे हरसूल जागचे हलले नाही, सरकारे हलली. हा प्रदेश पूर्वी पेठ संस्थानात मोडत होता, १८७८ साली ते संस्थान खालसा होऊन इंग्रजांच्या नाशिक जिल्ह्यात आले, १९६० साली मुंबई राज्याचे महाराष्ट्र आणि गुजरात असे दोन भाग झाले, आणि १९९९ साली त्र्यंबकेश्वर हा नवा तालुका निर्माण होऊन हरसूल त्यात घातले गेले. आजोबांच्या दाखल्यावर 'ता. पेठ' आणि तुझ्या दाखल्यावर 'ता. त्र्यंबकेश्वर' पाहून, वयाने तुझ्याएवढाच असलेला संगणकचालक ही दोन निराळी गावे समजला, तर त्याच्यावर रागावू नकोस. अर्जासोबतच्या वंशावळीत प्रत्येक पिढीपुढे 'तत्कालीन ता. पेठ, सध्याचा ता. त्र्यंबकेश्वर' असे लिही, म्हणजे त्यालाही विचारावे लागणार नाही. पणजोबांच्या वेळच्या काही नोंदी मोडीत आहेत. त्यांचे देवनागरी लिप्यंतर जाणकाराकडून सहीनिशी करून घ्यावे लागेल, आणि त्यास वेळ लागतो, हे आत्ताच धरून चाल.

आजीच्या वनहक्काच्या पट्ट्याची नक्कलही जोड. तो पट्टा १३ डिसेंबर २००५ पूर्वीच्या ताब्याची खात्री झाल्यावरच मिळालेला असल्यामुळे, रहिवासाचा एक तपासून झालेला पुरावा म्हणून तो उभा राहतो. मार्च २०१८ मध्ये नाशिकहून मुंबईपर्यंत पायी गेलेल्या त्या मोर्चात आजी का चालत गेली, हे तेव्हा तुला उमगण्याचे वय नव्हते. पिढ्यान् पिढ्या कसलेल्या जमिनीचा कागद मागायला ती निघाली होती. तोच कागद आता नातवाच्या शिक्षणाला उपयोगी पडेल, हे तिला कळेल तेव्हा तिच्या पायांच्या फोडांची गोष्ट ती पुन्हा एकदा ऐकवील.

नानापोंढ्याकडील तुझ्या मावसभावांनी गुजरातेतूनच शिष्यवृत्ती काढावी असे सुचवल्याचे तू लिहितोस. कोकणा आणि वारली जमाती सीमेच्या दोन्ही अंगांना राहतात, दोन्ही राज्यांच्या यादीत आहेत, सोयरिकी दोन्हीकडे आहेत, हे सर्व खरे. तरी तो मार्ग तुझा नव्हे. तेनालीस जन्मलेला मर्री चंद्रशेखर राव नावाचा विद्यार्थी वडिलांच्या नोकरीमुळे नवव्या वर्षी मुंबईस आला, येथेच शिकला. परंतु त्याची जमात आंध्र प्रदेशाच्या यादीत असल्यामुळे मुंबईच्या सेठ जी. एस. वैद्यकीय महाविद्यालयात तिचा लाभ त्याला मिळू शकला नाही, आणि १९९० साली सर्वोच्च न्यायालयानेही तेच मान्य केले. नोकरीसाठी गेलेल्या माणसासोबत त्याची जमात सीमा ओलांडत नाही, असा तो निर्णय. तो कठोर आहे, असे माझे मत आहे. पण तो आहे.

नाशकास वसतिगृहात जागा न मिळाल्यास आदिवासी विकास विभागाच्या पंडित दीनदयाळ उपाध्याय स्वयम् योजनेचा अर्ज करावा लागेल, आणि तेथे रहिवासाची अट उलट दिशेने लागते: ज्या शहरात शिकायचे, त्या शहरात पालक रहिवासी नसावेत. म्हणून नाशकात खोली घेतल्याबरोबर सोयीसाठी सगळ्या कागदांवरचे पत्ते नाशिकचे करण्याचा मोह आवर. वापीस जे केलेस ते पुन्हा करू नकोस.

अधिवासाच्या प्रमाणपत्राबाबत फार लिहीत नाही. त्यासाठी राज्यात साधारण पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागते, आणि जन्मापासून बारावीपर्यंतची तुझी वर्षेच त्याहून अधिक भरतात. वापीचे वर्ष मोजलेच नाही तरी चालते. अर्ज सेतू केंद्रातून दाखल कर, पावती घे. लोकसेवा हक्क अधिनियम, २०१५ खाली या दाखल्याची मुदत पंधरा दिवसांची आहे. ती टळली तर पावतीच्या आधारे अपील करता येते, मात्र अपिलाच्या आधी एकदा प्रत्यक्ष जाऊन विचार, कारण पुष्कळदा एखादे जोडपत्र अस्पष्ट निघाले, एवढेच कारण असते. तलाठ्याला आता ग्राम महसूल अधिकारी म्हणतात. तू त्यांना भाऊसाहेब म्हण, ते अजून चालते. कचेरीबाहेर कोणी पाचशे रुपयांच्या मुद्रांकावर प्रतिज्ञापत्र करावे लागेल म्हणून अडवू लागला, तर अशा दाखल्यांसाठीची ती अट यंदाच माफ झाल्याचे त्यास नम्रपणे सांग आणि पुढे चाल.

आवणी सुरू झाली की तुझ्या आईला चिखलातून वर यायला सवड मिळणार नाही, आणि वंशावळीवर वडिलांची सही लागेल. म्हणून या महिन्याच्या आतच ये. शाळेच्या रजिस्टराचा उतारा मी मुख्याध्यापकांकडे अर्ज देऊन मागवला आहे. कारखान्याचे पत्र नंतर टपालाने पाठवू, असे तिकडे म्हणतील. तू ते सही-शिक्क्यासह हातात घेतल्याशिवाय निघू नकोस.

कळावे.

तुझा,
मामा